खोकी

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक जळगावचा, एक धुळ्याचा. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात आमची वीसेक वर्षे गेली आणि तांबड्या शाईवर आमचा फाजील विश्वास बसला. काही वर्षांपूर्वी 'माझे वडील' या निबंधात एका मुलाने लिहिले, 'माझे वडील भुसावळच्या आयुधनिर्माणीत पिनाकाची खोकी तयार करतात.' आमच्यापैकी एकाने 'खोकी'खाली रेघ ओढून समासात शेरा मारला : 'विषयास साजेसा भारदस्त शब्द योजावा.' दुसऱ्यानेही तेच केले असते. म्हणून हा दोष दोघांच्याही नावे मांडतो.

वही हाती पडताच मुलगा म्हणाला, "सर, पण ती खोकीच असतात."

मग आम्ही वाचू लागलो. 'पिनाक' ही पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेत आकाराला आलेली अग्निबाणप्रणाली. 1999 च्या कारगिल युद्धात तिचा वापर झाला. आठही चाकांना गती मिळणाऱ्या ट्रकवर दोन खोकी बसवतात. प्रत्येकात 214 मिलिमीटर व्यासाचे सहा अग्निबाण. हे बाराही 44 सेकंदांत सुटतात आणि शत्रूने जागा हेरून उलट मारा करण्यापूर्वी ट्रकला तेथून निघून जाता येते. तोफेची नळी कायमची असते. येथे खोके हेच बाणांचे वेष्टन आणि तेच नळ्यांचे घर. रिकामे झाले की यारीने उतरवून भरलेले चढवायचे. भुसावळची निर्माणी 1949 पासूनची; दारूगोळ्याची वेष्टने हे तिचे जुने काम. म्हणजे मुलाचा शब्द अचूक होता. हुकलो होतो ते आम्ही.

पिनाक हे शिवाचे धनुष्य. त्रिपुरदहनाच्या कथेत एका बाणाने तीन पुरे जळतात. हे नाव कानी पडले की आमच्यासारख्यांचे हात आपोआप जुळतात आणि पुढचा प्रश्न राहून जातो. मूळ पिनाकाचा पल्ला सुमारे 38 किलोमीटर. जळगाव ते भुसावळ अंतर त्याहून कमी. त्या अग्निबाणांना मार्गदर्शनाची सोय नव्हती. त्यांचा मारा एका बिंदूवर नसे, साऱ्या परिसरावर असे. पुढे मार्गदर्शित बाण आले, पल्ला सुमारे 75 किलोमीटरवर गेला, नेमही सुधारला. सीमेवरच्या सैन्याला अशा शस्त्राची गरज असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या परिसरावर ते कोसळते तेथेही कोणाचे तरी जळगाव-भुसावळ असू शकते, हे भारदस्त शब्दाआड दिसत नाही. धुळ्याहून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर ताडपत्री ओढलेले लष्करी ट्रक आम्ही कितीदा पाहिले. आत काय असेल, असे कधी मनात आले नाही. 'खोके' म्हटले की निदान ते विचारावेसे वाटते.

"वडील घरी कामाबद्दल काय सांगतात?" आम्ही मुलाला विचारले. तो म्हणाला, "फार बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, की खोकं वाकडं झालं, तर शेजारी उभा असलेला जवान आपलाच असतो."

वही परत मागवून आम्ही शेरा खोडला. अंतर्गत गुणांची यादी मात्र तोवर पाठवून झाली होती.