चिंधीची किंमत

मुलांनो, शिंप्याच्या कातरीखाली पडलेल्या कापडाच्या तुकड्याला तुम्ही घरी 'कतरन' म्हणता. मराठीत त्याला 'कात्रण' किंवा 'चिंधी' म्हणतात. तुमचा 'पैवंद' म्हणजे मराठीतले 'ठिगळ' आणि तुमची 'गुदडी' म्हणजे मराठीतली 'गोधडी'. शब्द बदलले, तरी सुई आणि दोरा तोच असतो. आज मी तुम्हांला या चिंधीविषयीच काही सांगणार आहे.

तुमच्या घरातील जुने कपडे कोठे जातात, याचा कधी विचार केला आहे का? काही कपड्यांची फडकी होतात. काही कपडे बोहारीण भांड्याच्या बदल्यात घेऊन जाते. उरलेले कचऱ्यात जातात. कपडा फाटला की त्याची किंमत संपली, असे आपल्याला वाटते. पण ती किंमत कशी तयार झाली होती, ते पाहा. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश येथील शेतकऱ्याने कापूस पिकवला. बाया-माणसांनी तो बोंडातून हाताने वेचला. मग त्याचे सूत निघाले. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा गावांत यंत्रमागावर कापड विणले गेले. नंतर रंगारी आणि शिंपी यांचे हात त्याला लागले. शास्त्रज्ञांनी हिशेब केला आहे, की पाव किलो वजनाच्या एका सुती सदऱ्यासाठी कापूस पिकवण्यापासून कापड रंगवण्यापर्यंत सरासरी सुमारे २,५०० लीटर पाणी लागते. एवढे पाणी आणि एवढ्या माणसांचे कष्ट त्या कापडात असतात. कोपर फाटले म्हणून सगळा सदरा फेकून द्यावा का?

आपल्या आज्या-नान्या तसे करत नसत. त्या जुनी सुती लुगडी, साड्या आणि ओढण्या जपून ठेवत. वापरून मऊ झालेल्या दोन कापडांच्या मध्ये त्या जुन्या कपड्यांचे तुकडे अंथरत. मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या ओळी घालत घालत मध्यापर्यंत येत. अशी गोधडी थंडीत ऊब देते. नवे कापड कडक असते. म्हणून गोधडीला जुनेच कापड बरे. जुनेपणा हा येथे दोष नाही, तो गुण आहे. उर्दूत एखाद्या गरीब घरच्या गुणी मुलाला 'गुदडी का लाल' म्हणतात, ते तुम्हांला माहीतच आहे.

थोर माणसांनीही ठिगळाची लाज बाळगली नाही. हजरत मुहंमद पैगंबर (सल्ल.) घरी आपले कपडे स्वतः शिवत आणि आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, असे हदीसमध्ये सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रात संत गाडगेबाबा होऊन गेले. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. अंगात रंगीबेरंगी चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि मातीचे गाडगे, असा त्यांचा वेश होता. काही ठिकाणी लोक त्यांना 'गोधडेबुवा' किंवा 'चिंधेबुवा' म्हणत. दिवसा ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना शहाणे करत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पण स्वतःसाठी नवा अंगरखा घेतला नाही.

असे असले, तरी ठिगळाला हसणारी माणसे असतात. माझ्या सातवीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. मी प्रश्न विचारला, की तिचे डोळे चमकत. पण हात मात्र वर येत नसे. एके दिवशी मला त्याचे कारण समजले. तिच्या गणवेशाच्या बाहीखाली वेगळ्या रंगाचे ठिगळ होते. एकदा तिने हात वर केला, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली हसल्या होत्या. तेव्हापासून उत्तर येत असूनही तिने हात वर करणे सोडून दिले होते.

रागावून हसणे थांबवता येते. पण ज्याला हसले त्याच्या मनातील लाज त्याने जात नाही. म्हणून मी कोणालाच काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येकीने घरातून एक जुना कपडा आणि चार चिंध्या आणाव्यात, एवढेच सांगितले.

त्या तासाला वर्गात मोठी गंमत झाली. कोणाची सुई टोचली, तर कोणाच्या दोऱ्याला गाठी पडल्या. त्या मुलीचे टाके मात्र तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे पडत होते. तिची आई एका शिंप्याकडचे कपडे तुरपाईसाठी आणि काजे-बटणांसाठी घरी आणत असे. मुलगी ते काम पाहून शिकली होती. थोड्याच वेळात मुली तिच्याभोवती जमल्या. जी सर्वांत जास्त हसली होती, तीच म्हणाली, "माझा दोरा सारखा गुंततो. काय करू?"

"दोरा हातभरच घे. लांब घेशील तर गुंतणारच," ती म्हणाली.

पुढे वर्गात तिचा हात वर येऊ लागला. बाहीखालचे ठिगळ तसेच होते. हसणे मात्र बंद झाले होते.

आता तुम्हीही काही वस्तू करून पाहा. आधी जुना कपडा स्वच्छ धुऊन वाळवा. मग तो उजेडाकडे धरा. जेथून उजेड आरपार दिसतो, तेथे कापड विरले आहे असे समजा आणि तो भाग वगळा. दोरा दुहेरी घ्या. तो मेणबत्तीवरून एकदा ओढला, तर कमी गुंततो.

जुन्या पँटची पिशवी सर्वांत सोपी आहे. पँटचा गुडघा लवकर विरतो; म्हणून गुडघ्याच्या वरचा सुमारे ३५ सेंटीमीटर लांबीचा भाग कापून घ्या. तो उलटा करा आणि अरुंद बाजू दोनदा शिवून बंद करा. हा झाला पिशवीचा तळ. वरची कड दोन सेंटीमीटर आत दुमडून शिवा. बंदांसाठी ६० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद अशा दोन पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टीची चौपदरी घडी घालून ती शिवा. बंदांची टोके पिशवीला चौकोनी शिवून त्यात फुलीचा टाका घाला, म्हणजे वजनाने ती निघणार नाहीत. पिशवी सुलट केली, की वह्या-पुस्तके ठेवायला तयार.

बटवा त्याहूनही लवकर होतो. कापडावर जेवणाची छोटी ताटली उपडी ठेवा आणि तिच्याभोवती खडूने गोल काढून कापा. कड आत दुमडून शिवा. पण नाडी घालण्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवा. नाडी ओवून ओढली, की बटवा मिटतो. शिंप्याकडे रंगीत चिंध्या मिळाल्या, तर त्यांची वेणी घालून केसांचे बंद करता येतात. या सर्वांना सुई-दोऱ्याखेरीज फारसा खर्च नाही.

अशा पिशवीचा उपयोग केवळ घरापुरता नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर पाण्यात बुडाले. पाणी तुंबण्याच्या अनेक कारणांत गटारांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही होत्या. पुढे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा पिशव्यांवर बंदी घातली. बंदी शासन घालते. पण बाजाराला जाताना हातात कापडी पिशवी घ्यायची की नाही, हे आपणच ठरवतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. 'आभाळच फाटले, तर ठिगळ कुठे कुठे लावणार?' असे मराठीत म्हणतात. ज्या घरात पुरेसे कपडेच नाहीत, त्या घराला काटकसरीचा उपदेश करू नये. त्या घरी चांगला, धडका कपडा द्यावा आणि तोही धुऊन, बटण लावून, घडी घालून द्यावा. फाटके आपण सांधून वापरावे आणि धडके दुसऱ्याला द्यावे.

येत्या सुटीच्या दिवशी घरातील जुन्या कपड्यांचे गाठोडे सोडा. अम्मीला किंवा नानीला जवळ बसवा आणि विचारा, "हा टाका कसा घालतात?" मुलग्यांनीही विचारावे, सुई काही मुलगा-मुलगी पाहत नाही. पहिली पिशवी वाकडी झाली, तरी चालेल. दुसरी सरळ होईल.