गाज आणि बावटा

मालवण म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात : बांगड्याचे तिखले, तारकर्लीची वाळू आणि समुद्रात ठाण मांडून बसलेला सिंधुदुर्ग. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, आणि तिन्हींचा समाचार मी यथेच्छ घेतला आहे. पण ज्या दर्याच्या जिवावर हे सारे चालते, तो वर्षातले काही दिवस कोणाचाच पाहुणचार करीत नाही. त्या दिवसांत इथला माणूस कसा वागतो, हे किल्ल्याइतकेच पाहण्यासारखे आहे.

तारकर्ली मागे टाकून देवबागेत शिरावे म्हणजे याचे मर्म कळते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरे, देऊळ, शाळा. सह्याद्री येथून फार दूर नाही. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला की पाणी धावत खाली येते. आणि नेमकी त्याच वेळी समुद्राला भरती असली, तर त्या पाण्याने जावे कुठे? ते खाडीकाठच्या अंगणांत शिरते. म्हणून पंचांगातली तिथी इथे केवळ उपासासाठी पाहत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेची उधाणाची भरती आणि पाऊस एकत्र आले की बायका सामान माळ्यावर चढवू लागतात.

2019 ची दिवाळी इथली मंडळी विसरलेली नाहीत. लक्ष्मीपूजन होते 27 ऑक्टोबरला, आणि त्याच सुमारास ‘क्यार’ नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रात उभे होते. ते या किनाऱ्यावर आलेच नाही. दुरूनच ओमानच्या दिशेने निघून गेले. तरी त्याच्या लाटा देवबागेच्या वस्तीपर्यंत पोहोचल्या आणि कापणीला आलेले भात भिजले. वादळ दारात आले तरच नुकसान करते, हा शहरी समज तेव्हा खोटा ठरला.

पुढे 16 मे 2021 ला ‘तौक्ते’ आले. हे नाव म्यानमारने सुचविलेले, आणि त्याचा अर्थ म्हणे पाल! आपल्याकडे मनात शंकेची पाल चुकचुकते. ही पाल किनाऱ्याला समांतर सरपटत गेली आणि 17 मेच्या रात्री गुजरातेत उन्याजवळ जमिनीवर चढली. जाता जाता तिने मालवणातले माड आडवे केले, घरांवरची कौले उडविली, विजेचे खांब वाकविले. देवगडला आनंदवाडीच्या बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशांचे प्राण गेले. समुद्रात नव्हे, बंदरात!

दांडीच्या किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याशी माझे या विषयावर बोलणे झाले. मी विचारले, “आजोबा, वादळ येणार हे तुम्हांला आधी कळते का हो?”

“तुमी शेरातली माणसां आभाळ बघतास,” ते म्हणाले, “आमी गाज ऐकतंव. गाज बदलली की होडी वर.”

“आणि सरकारी इशारा?”

त्यांनी सुई थांबविली. “तो पयलो ऐकूचो. आता दर्या पूर्वीसारखो ऱ्हवलो नाय. होडी मोडली तर परत बांधूक येता. माणूस खंयसून हाडतलास?”

आजोबांच्या बोलण्याला शास्त्राचाही आधार आहे. अरबी समुद्र तापत चालला आहे, आणि चक्रीवादळाला ऊब हेच अन्न. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा 2001 ते 2019 या काळात या समुद्रातली चक्रीवादळे त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढलेली आढळली. पिढ्यान्‌पिढ्यांचे ठोकताळे आता एकटे पुरत नाहीत. गाजेच्या जोडीला बावटा हवा.

हा बावटा म्हणजे बंदरावरची खूण. दिवसा शंकू नि नळकांडी, रात्री तांबडे-पांढरे दिवे, एकपासून अकरापर्यंत. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे ऐकले की होड्या परततात. 1864 च्या भयंकर वादळानंतर कलकत्त्याच्या बंदरात 1865 मध्ये अशा इशाऱ्यांची सुरुवात झाली.

जमिनीवरच्या तुम्हां-आम्हांसाठी हवामान खात्याचे रंग आहेत. हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. आकडे कोरडे वाटतात ना? मग असे पाहा : हजार चौरस फुटांच्या छपरावर 204.5 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 19 हजार लिटर पाणी झाले. एवढे पाणी एका दिवसात आपल्या एका छपरावरून ओघळणार!

तेव्हा सहलीला निघणाऱ्या गृहस्थांनी नि गृहिणींनी थोडे ध्यानात धरावे. तांबडा इशारा असेल तर समुद्रावर ‘मजा बघायला’ जाऊ नये. कॉजवेवरून पाणी वाहत असेल तर मोटार पलीकडे घालण्याचा पराक्रम करू नये. विजा चमकत असता माडाखाली उभे राहू नये. पक्क्या घरात जावे. वारा एकाएकी पडला तर लगेच बाहेर पडू नये, कारण तो वादळाचा डोळा असू शकतो आणि मागून वारा उलट्या दिशेने येतो. औषधे, बॅटरी, पिण्याचे पाणी आणि कागदपत्रांची पिशवी हाताशी असावी. अडचणीत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 आणि समुद्रात तटरक्षक दलाचा 1554 हे क्रमांक पाठ असावेत.

आणि होडीवाला ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. सुट्टी वाया जाते, पैसे दिलेले असतात, मुले हट्ट धरतात, हे सारे मला ठाऊक आहे. पण 24 मे 2022 ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा अंत झाला, तेव्हा मे महिन्याची सुट्टीच चालू होती.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मालवणला निघतील. जरूर जावे. मात्र वादळांचा दुसरा हंगाम हाच, हे विसरू नये. 2009 चे ‘फयान’ 11 नोव्हेंबरलाच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले होते. निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा, पोहोचल्यावर घरमालकिणीला भरतीची वेळ विचारावी. दर्या खुशीत असेल तर किल्ल्यात जाऊन दूधविहिरीचे गोड पाणी पाहावे. तो खुशीत नसेल, तर ओटीवर बसून सोलकढी प्यावी आणि दुरून गाज ऐकावी. किल्ला साडेतीनशे वर्षे उभा आहे. तुमच्यासाठी आणखी एक दिवस थांबायला त्याची ना नसेल.