जवळचं आणि लांबचं

मुंब्र्याला धीमी लोकल थांबली की डोंगरावरचं मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं. मोबाइलवरून नजर उचलावी, आणि ते लगेच स्पष्ट. तेवढ्यात डोळ्यात काय घडतं हे कळल्यापासून मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम बुबुळासमोरचं पारपटल करतं, पण त्याची शक्ती ठरलेली. अंतराप्रमाणे बदलतं ते आतलं भिंग. जवळ पाहताना त्याभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैलावतात आणि ते फुगीर होतं. लांब पाहताना स्नायू सुटतो, भिंग चपटं होतं. म्हणजे देवळाकडे पाहताना तो स्नायू विसावलेला असतो! रोज डोंबिवली ते ठाणे पडद्यात डोकं घालून बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

हे जुळवणं पारपटलाचं नाही ना, हे तपासायला इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगनं 1801 साली स्वतःचा डोळा पाण्याशी भिडवून पाहिलं. पाण्यात पारपटलाची शक्ती जवळजवळ संपते, तरी जवळ-लांब जुळवणं शाबूत राहिलं. केवढी ही जिज्ञासा!

वयाबरोबर भिंग ताठर होत जातं. डब्यातले चाळिशीपुढचे लोक म्हणूनच पेपर हातभर लांब धरतात. आईच्या डोळ्यात मोतीबिंदूनंतर कृत्रिम भिंग बसवलंय. ते फुगत नाही. गॅलरीतून तिला रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचता येते, तांदूळ निवडायला मात्र चष्मा लागतो.