चरतं पठार

पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली कासचं पठार आलं आणि त्याच काळात त्याला जाळीचं कुंपणही पडलं. शनिवार-रविवारी फुलं तुडवणाऱ्या गर्दीला आवर घालायचा, हा हेतू रास्तच होता. पण कुंपणाने माणसांबरोबर गुरंही अडली. पुढे फुलं विरळ झाली, गवत माजलं, अशी तक्रार आसपासच्या गावांनी केली, वनस्पतींच्या अभ्यासकांनीही केली, आणि अखेर ते कुंपण निघालं. मात्र जाळी निघाली म्हणून चराई आपोआप परतत नाही. तिला पठाराच्या व्यवस्थापनात कामाचं स्थान द्यावं लागेल, असं माझं मत आहे.

अशा सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, जांभ्याचा कातळ असतो. मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवला यांतली बरीचशी झाडं वीतभर उंचीची, पावसाळ्याच्या चार महिन्यांत रुजून बी धरून मोकळी होणारी. त्यांना ऊन लागतं, आणि गवत उंच वाढलं की पहिली सावली त्यांच्यावरच पडते. गाय किंवा म्हैस जिभेने गवत वेटाळून ओढते. जमिनीला चिकटलेलं तिच्या तोंडी सहसा येत नाही. मेंढी ओठांनी पार बुडाशी जाते. त्यामुळे ‘चराई चांगली की वाईट’ हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. कोणतं जनावर, किती, कोणत्या महिन्यात, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. फुलं घटण्याचा सगळा दोष कुंपणावर टाकणंही घाईचं होईल, कारण पावसाचं वेळापत्रक बदललंय आणि गाड्यांची वर्दळही वाढली आहे. थोडे तुकडे बंद, थोडे चरते ठेवून दहा वर्षं दोन्हींची मोजदाद करणं हाच खात्रीचा मार्ग.

सामाईक रान म्हणजे कुणाचंच नाही, जो तो ओरबाडणार, हा आक्षेप जुना आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली तो गाजवला. पण आपलं विधान बिनव्यवस्थेच्या सामाईक जमिनीपुरतं होतं, हे पुढे त्यांनीच मान्य केलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या ग्रंथात स्वित्झर्लंडच्या टोर्बेल गावाचा दाखला दिला आहे. तिथला नियम १५१७चा: हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरकुरणावर न्यायच्या. मर्यादा ज्याच्या त्याच्या गंजीने घातली, आणि ती मोडणाऱ्याला दंड करायला गावचाच अधिकारी होता. आपल्याकडे उलट घडलं. वन खात्याने डोंगर आणि गायरानं ताब्यात घेतल्याने गरीब शेतकऱ्याच्या गुरांना जागा उरली नाही, हे गाऱ्हाणं जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडलं, ते १८८३ साली. वनहक्क कायद्याने २००६ साली चराईचा सामूहिक हक्क कागदावर तरी परत दिला. त्या हक्काबरोबर टोर्बेलसारखी मर्यादा ठरवणं मात्र गावाचंच काम.

खरी अडचण वेगळीच आहे. गुरं राहिलीत कुठे? तरुण मुंबईला, गोठे ओस, आणि फुलांच्या हंगामातली वाहनतळाची, खानावळीची कमाई दुधापेक्षा सोपी. (त्यात दोष काय?) गवत विळ्याने कापून घेऊ, असं कुणी सुचवतं. पण विळा सरसकट एकाच उंचीवर चालतो, तेरड्यालाही सोडत नाही. शिवाय शेणखुरांचं काम त्याच्याने व्हायचं नाही. त्यापेक्षा पर्यटकांकडून जे शुल्क गोळा होतं, त्यातला ठरावीक वाटा गुरं राखणाऱ्या घरांना मजुरी म्हणून द्यावा. सह्याद्रीतल्या गवळी-धनगरांच्या म्हशींचा आणि रानाचा संबंध माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८०च्या दशकातच अभ्यासला होता, म्हणजे ज्ञानाची वानवा नाही. गुराख्याला वनरक्षकाच्या बरोबरीने हजेरीपटावर घ्यायचं, एवढं धाडस तेवढं हवं. आणि तेही लवकर, कारण म्हशी विकून मोकळं झालेलं घर सहसा पुन्हा गोठा उभारत नाही.