मोडीतली गाडी

आमच्या वाडीतल्या जोडीपैकी उरलेला बैल १९८६ सालच्या फेब्रुवारीत गेला. गाडी पुढे कित्येक दिवस जू जमिनीला टेकून अंगणात तशीच उभी होती. नवी जोडी घ्यावी, असे घरात कोणी म्हटले नाही. आम्ही दोघे भाऊ मुंबईला नोकरीस. पहाटेच्या अंधारात घर सोडायचे आणि रात्री परतायचे. बैलांचे वैरणपाणी करणार कोण? बैलांचा काळ सरला, असे आम्ही बोलून मोकळे झालो.

भाजी मात्र कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही. वांगी, पडवळ, केळी पहाटे वसई स्टेशनला पोहोचली, तरच तिला बाजार. एके दिवशी आम्हांला जाग आली ती कावडीच्या करकरीने. खिडकीतून पाहिले, तर बासष्ट वर्षांचे बाबा दोन भरल्या टोपल्या खांद्यावर पेलून फाटकाबाहेर पडत होते. त्यांनी आम्हांला हाक मारली नव्हती. त्या दिवशी लोकलमध्ये आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

काकांकडे एक जुनी महिंद्र जीप होती. तीत जेमतेम आठदहा टोपल्या मावत. मागे जोडायला ट्रेलर मिळाला, तर दोन्ही घरांचा माल एका खेपेत जाईल, असा विचार निघाला. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने देहूरोडच्या बाजूचा पत्ता दिला. लष्करातून बाद झालेले सामान लिलावात निघते, परंतु ते ढिगाने विकले जाते. सुटी वस्तू हवी असेल, तर ढीग घेतलेल्या व्यापाऱ्याचे अंगण गाठावे लागते. मे महिन्यातल्या एका शनिवारी बाबांना बरोबर घेऊन आम्ही ते गाठले.

गंजलेले पत्रे आणि फाटक्या ताडपत्र्या यांच्यामध्ये तो दोन चाकांचा ट्रेलर उभा होता. हिरव्या रंगाचे थर खरवडल्यावर धातूची पट्टी दिसली. तीवर अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या विलिस कारखान्याचे नाव होते. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जोडण्यासाठी हे पाव टनी ट्रेलर हजारोंनी बनवले गेले. रिकामे वजन सुमारे २५० किलो आणि चांगल्या रस्त्यावर ४५० किलोपर्यंत भार वाहण्याची ताकद. चाके मुद्दाम जीपच्याच मापाची, म्हणजे एकाचे चाक दुसऱ्याला चालावे. पेटी तर अशी जलाभेद्य, की ओढा ओलांडताना ती तरंगावी. तळाला पाणी सोडण्यासाठी दोन बुचे. बाबांनी वाकून ती बुचे बोटाने चाचपली आणि म्हणाले, "भाजी धुऊन यातच निथळत ठेवता येईल." चार हजार दोनशे रुपयांना सौदा ठरला. वर सातशे रुपयांत विहिरीसाठी एक जुना डिझेल पंप घेतला. व्यापाऱ्याच्या माणसांनी तो मागच्या बाजूने उचलून पेटीच्या मागच्याच टोकाला ठेवला. आम्ही दोर आवळले, मागे लाल फडके बांधले, आकड्याशिवाय एक साखळीही जोडली आणि निघालो. बाबा पंपाकडे पाहत काहीतरी म्हणाले होते. आम्ही घाईत होतो, ऐकले नाही.

घर दीडशेहून अधिक किलोमीटर लांब. चाकांतले ग्रीस वर्षानुवर्षे वाळलेले, म्हणून दर दहा किलोमीटरवर थांबून तुंब्याला हात लावून पाहायचा. हात ठेववला नाही, तर चाक निवेपर्यंत बसायचे. लोणावळ्यापर्यंत सारे ठीक होते. मात्र वेग जरा वाढला, की जीपचे बूड डावीउजवीकडे झुलू लागे. जुना ट्रेलर, वाकडे चाक, असे म्हणून आम्ही समाधान करून घेतले.

खंडाळ्यापुढे घाट उतरू लागलो. ओढणे ही ट्रेलरची अर्धीच गोष्ट आहे, हे तेव्हा कळले. दुसरी अर्धी म्हणजे थांबवणे. या ट्रेलरला चालत्या गाडीत लागणारा ब्रेक नसतो, उभा करून ठेवण्यापुरता हातब्रेक तेवढा असतो. उतारावर त्याचा सारा भार जीपच्या पाठीवर येतो. एका वळणावर समोरून ट्रक आला. थोरल्याने ब्रेक दाबला आणि मागच्या गाडीने जीपचे बूड दरीच्या बाजूला असे सरकवले, की धाकट्याला खिडकीतून रस्ता दिसेनासा झाला. कठड्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.

कोणी काही बोलले नाही. बाबा खाली उतरले, चाकांखाली दगड लावले, ट्रेलरची दांडी जीपला जोडली होती तेथे हात ठेवून तो हलवून पाहिला आणि म्हणाले, "गाडी उलाळ आहे."

बैलगाडी भरणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भार मागे पडला, की गाडीचे तोंड वर उचलते, जू मानेवरून उठते आणि गळ्यातले जोते बैलाला फास लावते. भार फार पुढे गेला, तर त्याची मान मोडते. भार चाकाच्या किंचित पुढे हवा. जुवावर थोडे वजन हवेच. जीपचेही तसेच झाले होते. पंपाच्या वजनाने तिचे बूड उचलले जात होते आणि मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटत होती. आमच्यापैकी एकाने तरफेचा नियम शाळेत पाठ केला होता, दुसऱ्याने तर त्यावर बक्षीसही मिळवले होते. देहूरोडला बाबा हेच सांगत होते.

मागून आलेल्या एका ट्रकच्या क्लीनरने पहार दिली. चौघांनी मिळून पंप हळूहळू पुढे सरकवला. मग ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा ट्रकवाल्याचा सल्ला मानून आम्ही पायरीपायरीने निघालो. ट्रेलर शहाण्या वासरासारखा मागून येत होता. शिंगरोबाच्या देवळापाशी ट्रकवाले नाणी टाकतात. त्याच्यासमोरून जाताना बाबांनी टोपी काढली.

एका जकात नाक्यावर कारकुनाने विचारले, "ही गाडी की भंगार?" आमच्या तोंडून उत्तर निघण्याआधी बाबा म्हणाले, "ते आम्हीही वाटभर एकमेकांना विचारतोय." तो हसला आणि पावती फाडली. ट्रेलरला मागे दिवा नव्हता, म्हणून रात्र ठाण्याला नातेवाइकांकडे काढली. पहाटे घोडबंदरचा रस्ता धरला आणि खाडीचा पूल ओलांडताना सूर्य वर आला.

घरी शेवटची फजिती उरली होती. जोडलेला ट्रेलर मागे न्यायचा, तर चाक उलट्या दिशेला फिरवावे लागते, आणि ट्रेलर जितका आखूड, तितका तो लवकर आडवा होतो. आमच्या गल्लीत अर्धा तास आम्ही तो मागेपुढे केला. कुंपणाचे दोन खांब पाडले. अखेर बाबा म्हणाले, "अरे, बैल सोडा आणि गाडी हाताने लोटा." जीप सुटी केली, पंप उतरवला आणि तिघांनी ट्रेलर सहज आत नेला.

पुढे कागदपत्रांसाठी काही महिने खेटे घालावे लागले, पण त्या पावसाळ्यापासून दोन्ही घरांची भाजी ट्रेलरमधून जाऊ लागली. कावड माळ्यावर गेली. भाजी भरण्याचे काम बाबांनी कोणाला दिले नाही. पहिली टोपली कोठे ठेवायची, हे तेच सांगत आणि आम्ही नोकरीवर निघण्याआधी निमूटपणे ठेवत असू. १९९७ साली ते गेले.

आज वाडी निम्मी राहिली आहे, जीप केव्हाच विकली. ट्रेलर मात्र आहे. हल्ली तो पुतण्याच्या गाडीमागे लागतो. परवा तो एकटाच माल भरत होता. आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. त्याने पहिली टोपली मागे ठेवली आणि आमच्या दोघांच्या तोंडून एकदमच शब्द निघाला, "उलाळ होईल!" त्याने मान वर करून पाहिले, टोपली उचलली आणि पुढे ठेवली.