पथारीवरची माणसं जप

चि. सोनू,


यंदापासून मिरचीची पथारी तू सांभाळणार, असं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. पुण्यात व्यवस्थापन शिकून तू नंदुरबारला परतलीस, याचं मला फार अप्रूप वाटतं. बाजारात आवक सुरू होण्याआधी चार गोष्टी कानावर घालतो.

मिरचीच्या व्यापारात गुंटूरच्या खालोखाल आपलं नाव घेतात. पण गुंटूरच्या बाजारात माल सुकून येतो. आपल्याकडे शेतकरी ओली लाल मिरची आणतो आणि ती उघड्यावर, पथारीवर पसरून सुकवायची जोखीम व्यापाऱ्याच्या गळ्यात पडते. साधारण चार किलो ओल्या मिरचीची सुकून जेमतेम एक किलो होते. व्हीएनआर वाण घे, नाहीतर जरेला घे, लिलावात बोललेला भाव परवडला की नाही ते पथारीवरच कळतं. त्यात अवकाळी पाऊस. रात्री ढग दाटले की ताडपत्र्या घेऊन धावणारी माणसं लागतात, आणि ती रोजंदारीच्या आकड्यावर धावत नाहीत.

मिरची पसरणं, उलटणं, देठ खुडणं, प्रत निवडणं, ही कामं बहुतेक बायकाच करतात. दिवसभर ठसका, डोळ्यांची आणि हातांची आग. सावलीची शेड, प्यायचं पाणी, तान्ह्या लेकरांसाठी धुरळ्यापासून लांब जागा, एवढं तरी पहिल्या दिवसापासून कर. हातमोजे आणण्याआधी त्यांनाच विचार, कारण कसले मोजे घालून देठ खुडता येतात हे त्यांनाच ठाऊक. मजुरी आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडली पाहिजे; बाजार उलटून गेल्यावर मिळालेल्या पैशाचा त्यांना काय उपयोग?

मजूर टिकत नाहीत, ही तक्रार तू रोज ऐकशील. मला ती अर्धवट वाटते. दक्षिण गुजरातची ऊसतोड त्यांना खुली आहे. कुटुंबंच्या कुटुंबं बारडोलीकडे जातात. तिथले हालही काही कमी नाहीत, पण उचल आधी मिळते. आणि आपला भाग कष्टाची किंमत मागायला शिकलेला आहे. 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींसारख्या भिल्ल तरुणाच्या मागे शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी एकवटले. त्यांच्या नाती आज तुझ्या पथारीवर येतील. त्यांच्याशी बोलताना आवाज चढवू नकोस.

गिऱ्हाइकालाही असंच जप. वजन वाढावं म्हणून सुक्या मिरचीवर पाणी मारायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. ओल राहिली की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन तयार होतं, मसालेवाला तपासणीत माल परत पाठवतो आणि पुढच्या हंगामात फोन उचलत नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला की काय होतं ते आपण पाहिलंय: फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि दूरदूरच्या शहरांतही लोकांनी चिकन-अंडी खाणं सोडलं. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांवर ते संकट बाहेरून आलं होतं. पाणी मारलेली मिरची मात्र आपणच आपल्या हातानं पाठवतो, त्याला माफी नाही.

एक काम न चुकता कर. होळीला सातपुड्यातली माणसं आपापल्या पाड्यावर परततात. त्याआधी प्रत्येकीचा हिशेब तू स्वतः बसून, वाचून दाखवून, पैन् पै चुकता कर. मुनिमावर सोपवू नकोस.

तुझा,
काका