अम्मीच्या हातची चव

जून महिन्यात मी मामूंकडे दुबईला गेलो होतो. एका रात्री ते मला करामा भागातील एका भारतीय हॉटेलात घेऊन गेले. मामू म्हणाले, "१९६६ पर्यंत येथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपया चालत असे." आता मात्र दिरहम चालतो.

वाढपी केरळचा होता. कोणी डोसा खात होते, कोणी बिर्याणी. आम्ही माशाचे कालवण आणि भात मागवला. पहिला घास घेताच मी म्हणालो, "ही तर अम्मीच्या हातची चव!"

वाढप्याने ते आत सांगितले, तसा आचारी बाहेर आला. तो आमच्या रत्नागिरीचाच निघाला. त्याने हळूच विचारले, "गावाकडे पाऊस लागला का?" मी "हो" म्हणताच त्याचे डोळे भरून आले. चार वर्षे तो घरी गेला नव्हता.

त्या रात्री मी ताटात एक शीतही टाकले नाही.